तुंबाडच्या आधी काय होते?

मराठीत 'पूर्वकथा' हा चांगला शब्द आहे, पण हल्ली तो कोणी वापरत नाही. सगळे प्रीक्वल म्हणतात. सिनेमा गाजला आणि त्याची पुढची गोष्ट आली तर सीक्वल, मागची आली तर प्रीक्वल. माझ्या भाच्याने हे मला उज्जैनच्या टावर चौकात अशा काही समजुतीच्या सुरात सांगितले, की जणू मला त्याच दिवशी बालवाडीत घातले होते. मी मुकाट्याने ऐकून घेतले. भाचे लहान असताना आपण त्यांना राक्षसांच्या गोष्टी सांगतो. मोठे झाले की ते आपल्याला सांगतात, फेड म्हणून.

माझी मावसबहीण उज्जैनला दिलेली. तिच्या सासरची माणसे शिंदेशाहीच्या चाकरीत तिकडे गेली आणि तिकडचीच झाली. घरात मराठी बोलतात, पण ती मराठी माळव्याच्या उन्हात वाळवलेली. 'हो नं', 'का बरं', आणि मध्येच अख्खे वाक्य हिंदीत. टावर चौक त्यांच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. महाकाळाच्या बाजूचे जुने उज्जैन अरुंद गल्ल्यांचे, तर फ्रीगंजची ही वस्ती त्यामानाने नवी, सरळ रस्त्यांची. मधोमध घड्याळाचा मनोरा उभा, म्हणून टावर चौक. संध्याकाळी सारे उज्जैन तिथे खायला लोटले आहे असे वाटते. साबुदाण्याच्या खिचडीवर शेव भुरभुरून खाणारी ही माणसे! पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला उपास मोडल्यासारखे झाले, नंतर मी दोन बश्या खाल्ल्या.

गोव्याच्या माणसाला उज्जैन अगदीच परके वाटू नये, याला एक कारण आहे. अठराव्या शतकात महाकाळाचे देऊळ पुन्हा उभे केले ते राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखठणकर यांनी. आणि याच सुखठणकरांच्या सांगण्यावरून १७३९ साली पेशव्यांनी मंगेशी गाव मंगेशाच्या देवस्थानाला इनाम दिले. म्हणजे क्षिप्रेकाठचा देव आणि आपल्या फोंडे महालातला देव यांच्यामध्ये एक माणूस उभा आहे. भाच्याला हे सांगितले तर तो म्हणाला, ''मावशी, म्हणजे हे पण प्रीक्वलच झालं नं.'' असो.

मुद्दा 'तुंबाड'चा होता. राही अनिल बर्वे यांचा हा चित्रपट १२ ऑक्टोबर २०१८ रोजी प्रदर्शित झाला. त्याआधी व्हेनिसच्या महोत्सवातल्या समीक्षक सप्ताहाची सुरुवात त्याने झाली होती, तो मान मिळवणारा तो पहिलाच भारतीय चित्रपट. मी तो तेव्हा पणजीत पाहिला. थिएटरात मोजून दहाबारा डोकी होती आणि त्यातली चार मध्यंतरात घरी गेली. मग सहा वर्षांनी, १३ सप्टेंबर २०२४ ला, तो पुन्हा लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त चालला! आपल्याकडे असे क्वचितच होते. भाच्याने तो या दुसऱ्या वेळी मित्रांबरोबर उज्जैनात पाहिला, मग घरी पाच वेळा. त्याच सुमारास 'तुंबाड २' ची घोषणा झाली. सोहम शाह, म्हणजे पडद्यावरचा विनायक आणि चित्रपटाचा निर्माताही, तो करणार. पण त्यात बर्वे नाहीत. बर्वे यांनी जाहीर केले, की आपण बरीच वर्षे एका त्रयीवर काम करीत आहोत. पहिला 'तुंबाड', पुरुषसत्तेच्या हावेचा. दुसरा 'पहाडपांगिरा', स्त्रीवादाच्या पहाटेचा. तिसरा 'पक्षीतीर्थ', त्या सगळ्याच्या परिणामांचा. झाले, चाहत्यांची दोन घरे झाली. वाडा एकाकडे, वाड्याचा जाणकार दुसरीकडे. कोकणात वाटण्या होतात तशाच.

त्या संध्याकाळी टावर चौकात भाच्याचे तीन मित्र होते आणि चौघांना चार पूर्वकथा हव्या होत्या. पहिल्याला हस्तर हवा होता. देवीच्या पोटातला तो आधीचा काळ, सोन्याची आणि धान्याची हाव, देवांचे युद्ध, सगळे मोठ्या पडद्यावर, भरपूर खर्च करून. दुसऱ्याला पेशवाईतले तुंबाड हवे होते, तलवारी आणि पालख्या. तिसरा हिशेबी होता. त्याला एवढेच कळायला हवे होते, की देवीच्या गर्भात उतरायची वाट पहिल्यांदा कोणाला सापडली, आणि कणकेच्या बाहुलीची युक्ती कोणी काढली. ज्याने काढली त्याच्याआधी किती जण खाली राहिले असतील, हा त्याचा खरा प्रश्न. मला हा मुलगा आवडला. तो पुढे ऑडिटर होईल.

भाचा मात्र वेगळेच म्हणत होता. ''मला ते काही नको. मला फक्त त्या वाड्यात अजून दोन तास राहायचंय. पाऊस चालू पाहिजे.''

हे ऐकून मी जरा थबकले. हा मुलगा जन्मला उज्जैनात, वाढला उज्जैनात. समुद्र त्याने दोनदा पाहिला, तोही एकदा मुंबईचा. त्याच्या आईचे आजोळ, म्हणजे माझेही आजोळ, अंत्रुज महालात होते, पण ते घर वाटण्या होऊन विकले गेले तेव्हा हा दोन वर्षांचा होता. कोकण म्हणजे काय, शेवाळलेला चिरा म्हणजे काय, चार महिने न थांबणारा पाऊस म्हणजे काय, हे सारे त्याला एका सिनेमाने सांगितले आहे. त्या सिनेमाच्या लोकांनी या पावसासाठी अनेक पावसाळे खर्च केले. २०१२ साली चित्रीकरण सुरू झाले, मनासारखे जमले नाही, पुन्हा केले, पुढे २०१५ पर्यंत चालले. कॅमेरामन पंकजकुमार यांनी तो पाऊस असा टिपला आहे, की खुर्चीत बसून अंगाला ओल लागते. माळव्यातल्या पोराने ते आपले गाव मानले तर नवल नाही. त्याची अपेक्षा भयपटाच्या चाहत्याची नव्हती. ती घर विकले गेलेल्या माणसाची होती. त्याला हे कळत असेल असे मला वाटत नाही.

पण मित्रांचे काय? त्यांना मी म्हटले, की बाबांनो, मागची गोष्ट मागताना जरा जपून. मागणाऱ्यांची काय फजिती होते ते बाहेरच्या देशांत लोकांनी पाहून झाले आहे.

'द एक्झॉर्सिस्ट' हा १९७३ चा चित्रपट. त्यात म्हाताऱ्या मेरिन पाद्रीबद्दल एक वाक्य येते, की याने पूर्वी आफ्रिकेत असाच एक विधी केला होता, तो महिनोन्‌महिने चालला आणि त्यात तो मरता मरता वाचला. एवढेच. कोणाच्या अंगात आले होते, काय झाले, काही नाही. मेरिन दारात येऊन उभा राहतो तेव्हा त्याच्यामागे ती अख्खी आफ्रिका उभी असते, आणि ती प्रत्येकाने आपापली उभी केलेली असते. तीस वर्षे लोक त्या एका वाक्यावर जगले. मग कंपनीला वाटले, की ते वाक्य भरून काढावे. पॉल श्रेडर यांनी चित्रपट पुरा केला. कंपनीला तो पुरेसा भीतीदायक वाटला नाही. त्यांनी तो बाजूला ठेवून रेनी हार्लिन यांच्याकडून तोच विषय, तोच मुख्य नट घेऊन जवळजवळ सगळा पुन्हा काढून घेतला. तो २००४ ला आला आणि आपटला. मग श्रेडरचा फडताळातून काढून २००५ ला लावला. तोही चालला नाही. एका वाक्याची दोन स्पष्टीकरणे, आणि वाक्य होते तिथेच आहे.

'द थिंग'चे याहून मजेदार. १९८२ च्या मूळ चित्रपटात बर्फातला एक जळालेला नॉर्वेजियन तळ दिसतो. तिथे एक कुऱ्हाड रुतून बसलेली आहे. कोणी मारली, कोणावर मारली, कळत नाही, आणि म्हणूनच ती डोळ्यांसमोरून जात नाही. २०११ साली त्या तळाची पूर्वकथा आली. तिने इमानदारीने प्रत्येक गोष्टीचा हिशेब दिला, कुऱ्हाडीचासुद्धा. आपण पाहतो आणि म्हणतो, बरं, ही अशी रुतली होय! आणि मग कुऱ्हाड ही नुसती कुऱ्हाड उरते.

तिसरा मित्र म्हणाला, की मग आपल्या लोकांनी करूच नये का? त्याचे उत्तर मला लगेच सुचले नाही, कारण आपल्याकडे पूर्वकथा नवी नाही. आपल्याला तर तिच्याशिवाय गोष्ट सुरूच करता येत नाही. कुठल्याही देवळाचे स्थळपुराण घ्या. देव इथे कसा आला, गाय कुठल्या दगडावर पान्हा सोडत होती, हे आधी. राक्षस असेल तर तो आधी गंधर्व होता आणि कोणाच्या तरी शापाने राक्षस झाला, हे आधी. रामसे बंधूंच्या 'पुराना मंदिर'मध्ये (१९८४) पहिल्याच रिळात दोनशे वर्षांपूर्वीचा सामरी, त्याचे धडावेगळे केलेले शिर, राजघराण्याला दिलेला शाप, सगळे उरकून घेतात आणि मग मोटारीतून कॉलेजची पोरे येतात. म्हापशाच्या अलंकारमध्ये तो पाहून आलेल्या माझ्या मामेभावाला आठवडाभर रात्री न्हाणीकडे एकट्याने जाता येत नव्हते. 'तुंबाड'मध्येही हस्तरची जन्मकथा सुरुवातीच्या काही मिनिटांतच सांगून टाकली आहे. तीही इतकी बेमालूम, की आमच्या शेजारच्या काकूंनी मला विचारले होते, हे कुठल्या पुराणात येते गं? कुठल्याच नाही. बिअर्स, चेंबर्स, लव्हक्राफ्ट या परदेशी लेखकांकडे हस्तुर असे एक नाव आहे, त्याचा वास इथे येतो. बाकी रचलेले. पण ज्याचे नाव पुराणातून पुसून टाकले असा देव दाखवला, की पुराणात तो सापडत नाही हाच त्याचा पुरावा होतो! ही युक्ती मला फार आवडते.

उज्जैनमध्ये बसून भुतांच्या मागच्या गोष्टींबद्दल बोलायचे आणि विक्रम-वेताळाचे नाव घ्यायचे नाही, हे शक्य नव्हते. आमच्या पिढीला तो १९८५ च्या रामानंद सागरांच्या मालिकेतून माहीत, अरुण गोविल राजा आणि पांढऱ्या केसांचे सज्जन वेताळ. टावर चौकातल्या पोरांना तर तो गावचाच माणूस. पण ही कथा मुळात उज्जैनची नाही, हे सांगितल्यावर सगळे माझ्यावर उलटले. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने 'कथासरित्सागर' लिहिला, त्यात वेताळाच्या पंचवीस कथा आहेत. तिथला राजा त्रिविक्रमसेन, आणि त्याची राजधानी गोदावरीकाठचे प्रतिष्ठान, म्हणजे आपले पैठण. राजाकडे रोज एक भिक्षू येतो, फळ देतो, फळात रत्न असते. भिक्षू त्याला रात्री स्मशानात बोलावतो आणि सांगतो, की शिंशपाच्या झाडाला लटकलेले प्रेत आण. राजा जातो. प्रेत लटकलेले असतेच. ते कोणाचे, तिथे कोणी लटकवले, याबद्दल सोमदेव अवाक्षर काढत नाही. काढायची गरजही नाही, राजा अंधारात चालतो आहे आणि खांद्यावरचे ओझे बोलते आहे.

मग शेकडो वर्षे लोकांनी ती ऐकली आणि कोणीतरी विचारलेच असणार, की अहो पण ते प्रेत कोणाचे? एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात हिंदी 'बैताल पचीसी' तयार झाली, तीत याचे उत्तर आहे. एकाच नगरात, एकाच मुहूर्तावर तीन मुलगे जन्मले. एक राजाच्या घरी, एक तेल्याच्या घरी, एक कुंभाराच्या घरी. कुंभाराचा पोर योगी झाला, त्याने तेल्याला मारून झाडाला टांगले आणि आता त्याचा डोळा राजावर आहे. म्हणजे ही प्रीक्वलच. कोणा चाहत्याच्या आग्रहाखातर आलेली. मी पोरांना विचारले, की तुमच्यापैकी किती जणांना हा तेली माहीत आहे? कोणालाच नाही. विक्रमाच्या गावात, ज्यांच्या शाळेच्या भिंतीवर वेताळाचे चित्र आहे त्यांनाही नाही. झाड सगळ्यांना ठाऊक. चालणे सगळ्यांना ठाऊक. तेली कोणाच्या खिजगणतीत नाही.

आपल्याकडे तर वेताळाला कोणी पूर्ववृत्त विचारतच नाही. आमोण्याचा, लोलयेचा, पैंगीणचा बेताळ हा ग्रामदेव. सीमेपलीकडे वेंगुर्ल्याजवळ आरवलीला वेतोबा आहे, त्याला केळीचे घड आणि भल्यामोठ्या चामड्याच्या चपला वाहतात. का? तर तो रात्री गावाची राखण करीत फिरतो आणि चपला झिजतात, म्हणून. आरवलीला मी दोनतीनदा गेले आहे. त्या चपलांचे तळवे पाहताना मनात हा प्रश्न कधीच आला नाही, की हा आधी कोण होता. मनात येते ते हे, की काल रात्री हा कुठपर्यंत जाऊन आला असेल? भीतीला सुरुवात नसते तेव्हा तिच्याशी वहिवाट ठेवता येते. चपला द्या, केळी द्या, वाटेवरून चालताना जरा खाकरा. हे मी पोरांना सांगितले. त्यांना ते पटले की नाही कोण जाणे, पण तिसऱ्याने त्या चपलांची लांबी विचारली.

इतके सगळे बोलल्यावर मी पूर्वकथेच्या विरुद्ध आहे असे वाटेल. तशी मी नाही. 'तुंबाड'च्या मागे काय आहे हे पाहायला मला आवडते, पण त्या 'मागे'चा अर्थ निराळा. बर्वे यांनी सांगितले आहे, की १९९३ साली नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्राने त्यांना नारायण धारपांची एक कथा रात्री सांगितली आणि तिथून हे सुरू झाले. धारप (१९२५-२००८) हे आपल्या भयकथेचे कुलपुरुष. त्यांची 'आजी' ज्यांनी वाचली आहे त्यांना चित्रपटातली आजी कुठून आली ते वेगळे सांगायला नको. आणि धारपांच्या आजीच्या मागे स्टीफन किंगची 'ग्रामा' बसलेली आहे. नाव घ्यायचे तर तुंबाड हे गाव श्री. ना. पेंडशांनी मराठी वाचकाच्या मनात कायमचे वसवलेले. १९८७ ची 'तुंबाडचे खोत', दोन जाड खंड, जगबुडी नदीच्या काठचे एक घराणे आणि त्याच्या चार पिढ्या. त्यात हस्तर नाही. पण पैसा घरात कसा येतो, त्याबरोबर काय येते आणि शेवटी वाड्यात कोण उरते, हे सगळे आहे. हिशेबी पोराला मी ते वाचायला सांगितले. तो म्हणाला, हिंदीत आहे का?

रात्री परतताना भाचा आणि मी दोघेच चालत होतो. त्याने विचारले, ''मावशी, तुला कुठली प्रीक्वल पाहिजे?'' मी म्हटले, मला आजी पाहिजे.

ज्यांनी चित्रपट पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. सुरुवातीला, १९१८ मध्ये, विनायक लहान आहे. घराच्या एका खोलीत साखळदंडाने बांधलेली एक म्हातारी आहे. तिला खायला घालणे हे विनायकच्या आईचे रोजचे काम. म्हातारी जागी झाली तर पोरांना खाईल, आणि तिला झोपवायला हस्तरचे नाव घ्यावे लागते. एवढीच तिची ओळख. पंधरा वर्षांनी विनायक परत येतो, तेव्हा तिच्या देहातून झाड उगवलेले असते आणि ती मेलेली नसते. वेताळ झाडाला लटकलेला, हिच्यातच झाड रुजलेले. सुटका करशील तर खजिन्याची वाट सांगते, असा ती सौदा करते. विनायक वाट ऐकून घेतो, तिला जाळतो आणि पुढे सोने मिळवतो. त्यापुढे सगळा चित्रपट सोन्याचा आहे. मोहम्मद समद या मुलाने ही आजी आणि विनायकचा मुलगा पांडुरंग अशा दोन्ही भूमिका केल्या आहेत. एकाच अंगात सगळ्यात जुनी आणि सगळ्यात नवी पिढी. याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही.

ती तिथे कशी पोचली? खजिन्याच्या लोभाने खाली उतरली आणि हस्तरने स्पर्श केला, असे धरून चालू. पण बाईमाणूस त्या काळात एकटी विहिरीत उतरली, का? तिला कोणी उतरवले? दोर वर कोणाच्या हातात होता? दार पहिल्यांदा बाहेरून कोणी लावले, आणि त्या रात्री घरातली बाकीची माणसे जेवली का? चाहते हस्तरचे वय मोजतात. ही म्हातारी कोणाची कोण, कोणत्या गावची, हे कोणी विचारत नाही. बर्वे यांचा दुसरा चित्रपट स्त्रियांविषयी आहे असे ते म्हणतात. तो या खोलीत शिरतो की नाही मला ठाऊक नाही. शिरला तर मी पहिल्या दिवशी तिकीट काढीन.

भाचा म्हणाला, ''एवढी का गं तुला ती आजी?''

मग मी त्याला आजोळच्या घराचे सांगितले. आमच्या त्या घराला राजांगण होते, मध्ये तुळस, चारी बाजूंनी वासरी. माजघराच्या मागे, कोठाराला लागून, एक खोली होती. मी लहान असताना तिथे नारळ आणि सुपारीची पोती असत, पण दाराला बाहेरून दोन कड्या होत्या. एक वर, एक खाली. नारळाला दोन कड्या कशाला, असे मी एकदा विचारले आणि आजीने मला विहिरीवर पाठवून दिले. पुष्कळ वर्षांनी आईने सांगितले. माझ्या आजोबांची एक धाकटी काकू होती. लग्न होऊन आली आणि वर्षभरात नवरा तापाने गेला. ती तेव्हा चौदापंधराची असेल. पुढे काही वर्षांनी ती रात्री उठून कुळागरात जाऊ लागली, मोठ्याने बोलू लागली. वेड लागले म्हणाले, कोणी देवचाराने धरले म्हणाले. उपाय केले. मग त्या खोलीत ठेवली. ती तिथे बावीस वर्षे होती. जेवण घेऊन आधी पणजी जाई, मग माझी आजी. पोरांना सांगून ठेवलेले, की तिकडे गेलात तर ती धरील. आजोबा म्हातारे होईपर्यंत त्या दाराकडे पाठ करून बसत नसत.

भाचा बराच वेळ काही बोलला नाही. फ्रीगंजचे रस्ते तेव्हाही भरलेलेच होते. मग त्याने विचारले, ''तिला खरंच वेड लागलं होतं?'' मी म्हटले, खोलीत ठेवल्यावर नक्कीच लागले असेल. आधीचे कोणाला विचारणार? तिच्या वाट्याला आलेली सुपारीची बाग नंतर कोणाच्या नावावर झाली ते मात्र कागदावर आहे.

''नाव काय होतं तिचं?''

हे मी आईलाही विचारले होते. आईला माहीत नव्हते. तिच्या कानावर ती नेहमी 'खोलीतली' म्हणूनच आली होती. चित्रपटातल्या म्हातारीलाही कोणी नावाने हाक मारीत नाही. हस्तरचे नाव कोणी घेऊ नये म्हणून देवांनी एवढा आटापिटा केला आणि ते आज टावर चौकात खिचडी खाणाऱ्या पोरांना पाठ आहे.

गोव्याला परतल्यावर मी आजोळच्या बाजूच्या एका वयस्क नातेवाईकांना फोन केला. त्यांनी सांगितले, की घर नव्या मालकांनी पाडले नाही, नुसते दुरुस्त केले. ती खोली आता न्हाणीघर आहे, आत गिझर बसवला आहे. काकूचे लग्नाआधीचे नाव त्यांनाही ठाऊक नाही, पण तिचे माहेर सावईवेऱ्याच्या बाजूला होते असे त्यांनी ऐकले आहे. मी ते भाच्याला कळवले. त्याने लगेच उत्तर पाठवले, की डिसेंबरात त्याला सुट्टी आहे, तिकीट काढू का, आणि सावईवेरे स्टेशनपासून किती लांब?